माझा चौथा फाऊल

सुभाषमामा, त्या वेळी तुम्ही नक्की कुठे बघत होतात?

हा प्रश्न मी दोन महिने मनात धरून होते. तुम्ही रोज सकाळी कोर्टाच्या कडेला, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर बसलेले असायचात. उठून विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. विचारलं नाही. परवा घोडनदीच्या काठी तुमचा दहावा झाला, आणि आज मी शिरूरच्या हॉस्टेलमध्ये बसून वहीच्या मागच्या पानावर बास्केटबॉलच्या कोर्टाची आकृती काढली आहे. तुम्ही उभे होतात तिथे फुली. मी होते तिथे गोल. मध्ये दौंडची अकरा नंबरची प्रियांका. पट्टी लावून बघते, तर तुमच्या फुलीपासून माझ्या हातापर्यंत जाणारी प्रत्येक रेघ कुणाच्या तरी पाठीतून जाते.

मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात गेलेल्या माणसाला कुणी कधी पत्र लिहिलेलं नाही, जिवंत माणसालाही फारसं कुणी लिहिलं नसेल. कॉलेजात आलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे काय आधी सांगायचं आणि काय नंतर, हे मला नीट जमेलच असं नाही.

मी खुटबावहून शिरूरला आले तेव्हा खो-खो खेळायचे. आमच्या क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, माझी उंची बघितली आणि म्हणाले, "उद्यापासून तिकडं, रिंगखाली." पहिला आठवडाभर माझा बॉल रिंगला नुसता लागला तरी मला आनंद व्हायचा. सकाळी साडेसातला रांजणगावहून कंपनीची बस यायची. तिसरी पाळी संपवून तुम्ही मैदानासमोर उतरायचात. निळा युनिफॉर्म, जड बूट, हातात रिकामा डबा. घरी जायच्या आधी अर्धा-पाऊण तास कोर्टाच्या कठड्यावर बसायचात. मला वाटायचं, तुम्ही संघातल्या कुणाचे तरी वडील असाल. रविवारी राखाडी शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आलात तेव्हा कळलं की तुम्ही पंच आहात, आणि सगळ्यांचे मामा.

माझ्याबद्दल तुमचं पहिलं वाक्य मला अजून ऐकू येतं. तुम्ही सरांना म्हणालात, "ही पोरगी खो-खोची दिसतीय."

"कशावरून, मामा?"

"बॉल आला का दचकून उठती बघा. पाठीत खो बसल्यागत."

सगळ्या हसल्या. मीपण हसले, पण मला नवल वाटलं. मी बॉलकडे बघत होते, सगळे बॉलकडे बघत होते, आणि तुम्ही माझ्या पाठीकडे बघत होतात.

तुम्ही मूळचे इनामगावचे. तिथे नदीकाठी फार जुनी वस्ती सापडली आहे, आमच्या इतिहासाच्या पुस्तकात तिचं नाव आहे. ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "व्हय, मडकी निघाली, घरं निघाली, म्हातारी माणसं निघाली. पर रिंग काय निघाली न्हाई. त्यापायी दौंडला जावं लागलं." दौंडला तुमच्या चुलत्यांकडे राहून तुम्ही कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टावर खेळ शिकलात. खेळाडू म्हणून फार पुढे गेला नाहीत. "मला समदं दिसायचं, पर हातून काय व्हायचं न्हाई," असं तुम्ही सांगायचात. मग म्हणालात, ज्याला दिसतं त्यानं पंच व्हावं.

सराव संपल्यावर आपण तुमच्या मोबाईलवर अमेरिकेतल्या मॅच बघायचो. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे तुमची पाळी सुटायची तेव्हा तिकडे तिसरं-चौथं सत्र चालू असायचं. मोबाईलच्या काचेला तडा होता, आणि तो बरोबर एका रिंगवरून जायचा. आम्ही चार-पाच मुली तुमच्या खांद्यांवरून वाकून बघायचो. आम्हाला उड्या आणि बास्केट बघायचे असायचे. तुम्ही मात्र म्हणायचात, "त्या पंचाच्या त्वांडाकडं बघा. आत्ता त्याला कळलंय का आपण चुकलोय."

आमचा सगळ्यांचा आवडता एक खेळाडू होता, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालणारा. काय उडायचा तो! आणि काय चिडायचा! एकदा त्याच्यावर फाऊल दिला तेव्हा त्याने दोन्ही तळवे पसरले आणि डोळे एवढे मोठे केले, जसं काही त्याला कुणी भलत्याच गुन्ह्यात धरलं आहे. मग मोठ्या पडद्यावर तेच सावकाश दाखवलं. त्याचा हात सरळ समोरच्याच्या मनगटावर होता.

"किती खोटारडा!" मी म्हणाले.

"खोटं बोलत न्हाई गं त्यो," तुम्ही म्हणालात. "त्याला खरंच वाटतंय का आपण शिवलोच न्हाई."

"असं कसं वाटेल? हात त्याचाच आहे ना?"

"हात त्याचा हाय, पर त्यो हाताजवळ कुठं हाय? मनानं त्यो बॉल घिऊन पार तिकडल्या रिंगखाली गेलाय. मागं हातानं काय केलं, त्याला काय ठावं?"

मी त्या दिवशी वर्गात बसून याच गोष्टीचा विचार करत होते. माणसाचा हात एक काम करतो आणि ते माणसालाच माहीत नसतं, असं होऊ शकतं का? बसमध्ये कुणाला धक्का लागला तर आपल्याला कळतं. मग खेळताना का नाही? दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मामा, मग पंचाला तरी कसं कळतं?"

"पंचाला तरी कुठं समदं कळतंय? त्यांच्याकडं मागं-पुढं कॅमेरे. आपल्याकडं दोन पंच, चार डोळे. त्यात माझ्या दोन डोळ्यास्नी चष्मा."

आणि मग तुम्ही हात वर करायची गोष्ट सांगितलीत. पूर्वी या खेळात रीत होती, की ज्याच्याकडून फाऊल झाला त्याने स्वतः हात वर करायचा, म्हणजे गुण लिहिणाऱ्याला नंबर दिसायचा. नियमांच्या पुस्तकातून ती रीत कधीच गेली. पण शिरूर आणि दौंडमध्ये तुम्ही पंच असलात की ती चालू असायची. तुम्ही शिट्टी वाजवायचात, थांबायचात आणि मान जराशी वाकडी करून बघायचात. कुणाचा तरी हात वर जायचा. पुण्याहून आलेल्या संघांना हे कळायचं नाही. ते विचारायचे, "सर, कुणाला काय विचारताय तुम्ही?"

एकदा तर रांजणगावच्या एका मुलाने शिट्टीच्या आधीच हात वर केला. तुम्हाला काही दिसलंच नव्हतं. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, त्याने मान डोलावली, आणि मग तुम्ही शिट्टी वाजवलीत. बघणारे ओरडले, "ओ मामा, फाऊल मागवून घेता काय?" तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "देनारा देतोय, तुमचं काय जातंय?"

मला ती रीत आवडायची. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. फाऊल झाला की पोटात खड्डा पडतो, आणि हात वर केला की तो भरून येतो, एवढंच कळायचं. मी नेहमी हात वर करायचे. दोन-तीनदा तर तुम्ही दुसरीकडे बघत असतानाही केला. तुम्ही नुसते गालात हसलात.

आपला एक वाद अर्धाच राहिला. सर म्हणाले होते, "हिच्यात टॅलेंट आहे." तुम्ही म्हणालात, "शिट्टी वाजल्यावर पुढच्या धा सेकंदांत काय करती त्यावरनं कळंल." मला ते पटलं नाही. मी दोन रंगांच्या मोजेवाल्याचं उदाहरण दिलं. तो शिट्टी वाजल्यावर टॉवेल फेकतो, पंचाच्या मागे मागे जातो, आणि मग परत येऊन एकट्याने मॅच जिंकून देतो. "त्याचा राग काढून घेतला तर त्याच्यात काय उरेल, मामा?"

तुमच्या हातातल्या चहावर साय धरली.

"न्हाई सांगता यायचं," तुम्ही म्हणालात. "पर त्याला भाईर काढायची पाळी माझ्यावर आली, तर मला वाईट वाटंल."

"आणि तुम्हाला राग येत नाही?"

तुम्ही गळ्यातली शिट्टी माझ्यासमोर धरलीत. तिच्या कडेवर दातांचे खोल खड्डे होते. "येतो की," तुम्ही म्हणालात.

मग दौंडचा अंतिम सामना आला.

आम्ही शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने जीपमध्ये कोंबून गेलो. मी खिडकीशी होते आणि सारखी घड्याळ बघत होते, कारण आप्पा येणार होते. माझ्या वडिलांनी मला कधी खेळताना बघितलेलं नव्हतं. पहाटे शेवंती तोडून, फुलं मार्केटला पोहोचवून ते खुटबावहून मोटरसायकलवर थेट आले. कोर्टाच्या कडेला चपला काढून, देवळात बसावं तसे मांडी घालून बसले. विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडणारे दोघेजणही त्या दिवशी आले होते. सरांनी आम्हाला तीनदा सांगितलं, "दोघं आलेत. पांढऱ्या टोप्या." सामन्याला तुम्ही पंच होतात आणि दुसरे एक पंच पुण्याहून आले होते. सुरुवातीला तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "हिथं मामा न्हाई हां. सर म्हणायचं."

शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. आम्ही एका गुणाने पुढे होतो, एक्केचाळीस चाळीस. माझे तीन फाऊल झाले होते. दौंडच्या पोरांनी हलगी आणली होती आणि ती एवढी वाजत होती की मला माझा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. प्रियांकाने रिंगखाली बॉल धरला. मी डावीकडून, आमची आरती उजवीकडून. प्रियांका वर उठली, मीपण उठले. बॉल तिच्या हातातून निसटला आणि आरतीच्या पायाशी पडला. मला वाटलं, जिंकलो.

शिट्टी.

तुम्ही प्रियांकाच्या मागे होतात. मान वाकडी करून आधी आरतीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आरतीचे दोन्ही हात बॉलवर होते. माझे खाली. तुम्ही थांबलात. हलगीपण थांबली.

"आठ नंबर," तुम्ही म्हणालात. "हात."

"सर, मी टच पण नाही केला."

"हात कर, बाळ."

मामा, ते 'बाळ' तुम्ही म्हणायला नको होतं. मला एकदम सगळं दिसलं: आप्पा, पांढऱ्या टोप्या, सर. आणि मी ओरडले, "मामा, आंधळे झालात का तुम्ही?" आरतीच्या हातातला बॉल हिसकावून मी जमिनीवर असा आपटला की तो पत्र्याच्या शेडवर जाऊन वाजला.

तुम्ही दोन तळहातांचा इंग्रजी टी केलात. टेक्निकल फाऊल, बेशिस्तीचा. प्रियांकावरचा माझा चौथा, आणि हा पाचवा. पाच झाले की बाहेर. टेक्निकलचा एक फ्री थ्रो त्यांनी घातला, बरोबरी झाली. मग प्रियांकाच्या दोन फ्री थ्रोंपैकी एक आत गेला. आम्ही एका गुणाने हरलो. मी बाकावर टॉवेलमध्ये तोंड घालून बसले होते. निवडणाऱ्यांपैकी एकजण सरांना म्हणाले ते मी टॉवेलमधून ऐकलं, "मुलगी चांगली आहे हो. पण स्वभाव बघावा लागेल."

आप्पांना फक्त एवढंच कळलं नाही, की पंच शिरूरचा असून शिरूरच्या विरुद्ध कसा. "तुमचाच माणूस ना त्यो? मग आपल्याकडनं का न्हाई दिलं?" मोटरसायकलवर ते सारखे हेच विचारत होते. मी त्यांच्या मागे बसले होते आणि माझी उजवी करंगळी ठणकत होती.

घरी पोहोचेपर्यंत ती वांग्यासारखी झाली. आईने हळद गरम करून लावली. "कशाला लागलं गं?"

"बॉल लागला," मी म्हणाले.

बॉल लागला नव्हता, मामा. बॉलपर्यंत माझा हात पोहोचलाच नव्हता. करंगळी प्रियांकाच्या मनगटाच्या हाडावर आपटली होती. हे मला आईच्या समोर, चुलीपाशी बसल्यावर कळलं. कोर्टावर मी खोटं बोलले नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. मी मनाने बॉल घेऊन पुढे गेले होते, तुम्ही सांगितलं होतंत तसंच. पण संध्याकाळी मला माहीत होतं. आणि सोमवारी सरांनी समोर कागद ठेवून "लिही" म्हटलं, तेव्हाही माहीत होतं.

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. 'मी प्रतिस्पर्धी खेळाडूस स्पर्श केलेला नव्हता.' पुढचं वाक्य सरांनी सांगितलं: 'पंचांनी वैयक्तिक आकसातून निर्णय दिला.' आकस या शब्दाशी मी थबकले. सर म्हणाले, "अर्जात असंच लिहितात गं." मी सही केली. पंचांच्या समितीने अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला सामने द्यायचे नाहीत असं ठरवलं.

तरी तुम्ही रोज सकाळी बसमधून उतरून कठड्यावर बसायचात. बाकीच्या मुली येऊन मोबाईल बघायच्या. मी दुसऱ्या रिंगखाली एकटीच फ्री थ्रो मारायचे. एकदा तुम्ही हाक मारलीत, "आगं, तुझा मोजेवाला खेळतोय. दोन्ही मोजे आज एकाच रंगाचे हायत, ये लवकर." मला खूप हसू आलं. मी पाठ फिरवून ते दाबलं आणि म्हणाले, "अभ्यास आहे." आपलं शेवटचं बोलणं तेच. पुढच्या आठवड्यात एका सकाळी बस थांबली आणि तुम्ही उतरला नाहीत.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. ते खुशीत होते आणि खुशीत असल्याबद्दल जरा अवघडलेही होते. "तुझं नाव आलंय. विद्यापीठाच्या संघाचं शिबिर, येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून. मामांनी जाण्याआधी समितीला लेखी उत्तर दिलं होतं. निर्णय चुकला असण्याची शक्यता आहे, असं. ते मी निवडणाऱ्यांना दाखवलं." मग खाली बघून म्हणाले, "माणूस चांगला होता."

मला काहीच कळेना. तुम्ही बरोबर होतात, आणि तुम्ही चुकलो असं लिहून दिलंत? कशावरून? त्या दिवसापासून मी हे शोधते आहे. अभ्यास सोडून हेच करते आहे, खरं सांगायचं तर.

आधी मी प्रियांकाच्या जागी आरतीला उभं केलं आणि तुमच्या जागी स्वतः उभी राहिले. तिथून हात दिसतच नाही. मधे पाठ येते, खांदा येतो, केस येतात. मग मला वाटलं, तुम्ही ऐकलं असेल. मी डोळे मिटून पाठमोरी उभी राहिले आणि मुलींना सांगितलं, कधी बॉलवर मारा, कधी मनगटावर. मामा, आवाज वेगळा येतो! मनगटाचा आवाज कोरडा येतो, बॉलचा पोकळ. मी एकदाही चुकले नाही. मी धावत जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि सांगतानाच हलगी आठवली. त्या दिवशी तुम्हाला काहीच ऐकू आलं नसणार. म्हणजे दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. तरी तुम्ही शिट्टी वाजवलीत. बॉल निसटण्याच्या पद्धतीवरून? प्रियांकाच्या खांद्यावरून? की मी करंगळी झटकली होती आणि ती फक्त तुम्हाला दिसली? मी झटकली होती का, हेही मला आठवत नाही.

दहाव्याला मी मामींजवळ बसले. तिथे सगळे हळू आवाजात तुमच्या पाळीबद्दल, बीपीच्या गोळ्यांबद्दल बोलत होते. मामींनी मला बघितलं आणि जवळ सरकल्या. "आठ नंबर ना तू?" त्यांना माझं नाव नाही, नंबर माहीत होता.

"हो."

"दर रविवारी शर्टाला इस्त्री करायचे गं. मॅच न्हाई तरी. करायचे आन् परत घडी घालून ठिवायचे." त्यांनी पदर सावरला. "मला म्हणले, मी पाठीमागं व्हतो. मला नीट दिसलं न्हाई. आन् ती पोरगी हात लपवणारी न्हाई. तिनं न्हाई म्हणलं म्हंजी न्हाईच शिवली. मीच चुकलो असंन." मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "तुझा राग गेला का गं त्यांच्यावरचा?"

मी मान हलवली.

म्हणजे तुम्ही तुमच्या डोळ्यांना खोटं पाडलंत, कारण तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवलात. इतक्या वर्षांत तुम्ही ज्या एका रीतीवर भिस्त ठेवली होती, त्या रीतीनेच तुम्हाला फसवलं. म्हणजे मी फसवलं. कागदावर आता असं राहिलं आहे की सुभाषमामांचा शेवटच्या सामन्यातला निर्णय चुकीचा होता, आणि शिबिराच्या यादीत माझं नाव आहे. दोन्ही एकाच वाक्यामुळे. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेल्या.

हे मी आप्पांना फोनवर सांगितलं. मागे मोटारीचा आवाज येत होता, फुलांना पाणी चाललं होतं. मग ते म्हणाले, "म्हंजी हात लागला व्हता?"

"हो."

"मग मी दोन महिनं समद्या गावाला सांगत फिरतोय का माझ्या पोरीवर अन्याव झाला, त्याचं काय करू?"

"मला माहीत नाही, आप्पा."

"बघतो मी माझं. तू तुझं बघ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते चिडले होते की नाही, मला कळलं नाही.

काल मी नवा कागद घेतला. या वेळी कुणी सांगितलं नाही. 'दौंड येथील अंतिम सामन्यात माझा हात प्रतिस्पर्धी खेळाडूच्या मनगटास लागला होता. पंचांचा निर्णय बरोबर होता. आकस हा शब्दही खरा नाही. माझा पूर्वीचा अर्ज चुकीचा आहे.' त्याच्या दोन प्रती काढल्या. एक सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती दोनदा वाचली.

"वेडी आहेस का? माणूस गेला. आता कुणाला काय फरक पडतोय?"

"मामींना पडेल."

"त्यांना तोंडी सांग की. हे समितीकडं कशाला?"

"सर, चूक झाली असं त्यांनी समितीला लिहिलंय. तोंडी सांगून ते खोडलं जाणार नाही."

"आणि शिबिर?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग एकदम थकल्या आवाजात म्हणाले, "आकस मीच सांगितलं होतं तुला. ते पण लिही." मी म्हणाले, सही माझी आहे. त्यांनी कागद परत दिला नाही, आणि समितीकडे पाठवतो असंही म्हणाले नाहीत. म्हणून दुसरी प्रत मी आज सकाळी स्वतः समितीच्या सचिवांकडे दिली. त्यांनी वाचून पोच दिली आणि म्हणाले, "तुझं नाव यादीत राहील का, मी सांगू शकत नाही. निवडणारे ठरवतील. शनिवारपर्यंत कळवतो."

तिथून मी तुमच्या घरी गेले. मामींना सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त मला परत परत विचारत राहिल्या, "म्हंजी त्यास्नी दिसलं व्हतं? मागनं दिसलं व्हतं?" मी म्हणाले, "हो मामी, त्यांना बरोबर कळलं होतं. कसं कळलं, तेच मी शोधतेय." त्या उठल्या आणि शेजारच्या बाईंना हाक मारून सांगायला गेल्या. मला दारातून ऐकू येत होतं, "आवो, चुकलं नव्हतं त्यांचं. पोरगी सांगाया आलीय."

मामा, मला वाटलं होतं की हे केल्यावर हलकं वाटेल. ते पूर्ण खरं नाही. कागद दिल्यापासून मी सारखी फोन बघते आहे. नाव राहावं असं मला फार वाटतंय, इतकं की लाज वाटते. मला त्या शिबिराला जायचं आहे. चांगल्या कोर्टावर, माझ्यापेक्षा उंच मुलींसमोर खेळायचं आहे, आणि माझ्यात नक्की काय आहे ते बघायचं आहे. हे तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. सरांना सांगितलं, आईला सांगितलं. तुमच्यापुढे बोलायची लाज वाटायची, तुम्ही नुसतं बघाल आणि काहीतरी ओळखाल म्हणून.

आज गुरुवार आहे. शनिवारी काय कळेल ते कळेल. नाव गेलं, तर मी रडेन, आणि बहुतेक तुमच्यावर पुन्हा चिडेनसुद्धा.